कमरेचे माप आणि मूत्रपिंडाची माया

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारी मंडळाने या मेळाव्यात आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा ‘आपल्या ज्ञातीचा पूर्वेतिहास’ असा विषय सुचविला होता. श्रीनामदेवमहाराजांचे जन्मस्थान म्हणून परंपरेने मानलेली नरसी आपल्याच जिल्ह्यात आहे. त्यामुळे त्या विषयावर बोलणाऱ्यांची वाण आपल्याकडे कधी पडली नाही व पुढेही पडणार नाही. म्हणून अध्यक्षांची परवानगी मागून आम्ही विषय बदलून घेतला. आज आम्ही बोलणार आहोत ते कमरेच्या मापाविषयी आणि मूत्रपिंडाविषयी. हे ऐकून मागच्या रांगेत थोडा हशा पिकला तो आम्हांस दिसला आहे. पस्तीस वर्षे वर्गावर उभे राहिलेल्या माणसास मागची रांग आधी दिसते.

आम्ही डॉक्टर नव्हेत. मॅट्रिक होऊन अध्यापनाचा शिक्षणक्रम पुरा केला आणि प्राथमिक शाळेत गणित शिकविता शिकविता सेवानिवृत्त झालो. वैद्यकातील गोष्टी आम्ही हौसेने वाचल्या नाहीत. त्या वाचण्याची पाळी आमच्यावर आली. आमचे थोरले बंधू, ज्यांना आम्ही दादा म्हणत असू, ते सन २०१९ मध्ये मूत्रपिंडाच्या विकाराने वारले. वडिलांच्या मागे दुकान त्यांनीच सांभाळले, आणि त्यांच्या शिलाईयंत्राच्या खडखडाटावर आमचे शिक्षण झाले. त्यांच्या मापाच्या वह्या आज आमच्यापाशी आहेत. दर पाडव्यास नवी वही घालताना मुहूर्ताचे पहिले माप ते स्वतःचेच लिहीत. त्या वह्या आम्ही त्यांच्या पश्चात एकदा ओळीने लावून पाहिल्या. सन १९७८ : कंबर २८. सन १९९१ : कंबर ३१. सन २००२ : ३४. सन २०१२ : ३७. छातीचे माप जवळजवळ तेच राहिले, आणि दंडाचा घेर तर वर्षागणिक कमीच होत गेला. दादा कधीही लठ्ठ नव्हते. हातपाय काटकुळे, मान बारीक, आणि पुढे लहानसे पोट. घरातल्या बायका त्याला सुखाचे पोट म्हणत, आणि ते ऐकून दादांना बरे वाटे. आपल्या धंद्यात दिवसभर बसणे आले, गिऱ्हाइकाबरोबर गोड चहा आला, लग्नसराईत रात्रीचे जागरण आले. पोट सुटायचेच, अशी सर्वांची समजूत होती. आमचीही होती.

सन २०१२ मध्ये त्यांस मधुमेह असल्याचे कळले. गोळ्या सुरू झाल्या. पुढील चार वर्षांत उपाशीपोटीची साखर दीडशेच्या खाली क्वचितच आली. आणि सन २०१६ च्या दसऱ्याच्या सुमारास ती एकाएकी ब्याण्णव भरली. त्या सायंकाळी दादा पेढ्यांचा पुडा घेऊन आमच्या घरी आले. ते आम्हांस थट्टेने गुरुजी म्हणत. “गुरुजी, साखर गेली! आता पेढ्याला कोणाची हरकत?” असे म्हणून त्यांनी पहिला पेढा आमच्या हातावर ठेवला. आम्ही तो आनंदाने खाल्ला. पहाटे दरदरून घाम येतो, हात कापतात, असे वहिनी त्याच सुमारास सांगत होत्या. अशक्तपणा असेल, असे म्हणून आम्ही ते सोडून दिले. सात महिन्यांनी पायांवर सूज आली, अन्नाची शिसारी बसली. रक्त तपासले तेव्हा क्रिएटिनीन पावणेआठ निघाले. नांदेडला मूत्रपिंडाच्या तज्ज्ञांनी कागद पाहून एकच प्रश्न विचारला : “साखर आपोआप उतरू लागली होती का?”

त्या प्रश्नाचा अर्थ कळण्यास आम्हांस दोन वर्षे लागली. तो अर्थ आपणांस एका तासात सांगावा, एवढ्यासाठीच आजचे हे बोलणे आहे.

आता थोडे मुळापासून पाहू. इन्शुलिन हा स्वादुपिंडातून पाझरणारा रस होय. अन्नापासून झालेली साखर रक्तातून स्नायूंत व इतर पेशींत जावी, ही आज्ञा तो देतो. कॅनडातील टोरांटो येथे बँटिंग व बेस्ट यांनी तो सन १९२१ मध्ये वेगळा काढला आणि १९२२ च्या जानेवारीत तो प्रथमच एका रोगी मुलास टोचण्यात आला. तेव्हापासून मधुमेह म्हणजे इन्शुलिनची उणीव, असे समीकरण रूढ झाले. परंतु सन १९३६ मध्ये लंडनच्या हिम्सवर्थ यांनी दाखवून दिले की, मधुमेह्यांचे दोन वर्ग आहेत. एकास इन्शुलिन कमी पडते, आणि दुसऱ्याचे शरीर इन्शुलिनला दादच देत नाही. पुढे १९६० च्या सुमारास अमेरिकेत रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी रक्तातील इन्शुलिन मोजण्याची रीत शोधून काढली, तेव्हा प्रौढपणी मधुमेह झालेल्या पुष्कळांच्या रक्तात ते कमी नसून उलट जास्तच आढळले.

दाद न देणे हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरतो. पुस्तकात त्यास इन्शुलिन-प्रतिरोध म्हटलेले असते, पण आम्हां मास्तरांना त्याचा अर्थ वर्गात समजतो. मुले ऐकेनाशी झाली म्हणजे मास्तर आवाज चढवितो. आवाज चढला की वर्ग शांत होतो. बाहेरून मुख्याध्यापक फेरी मारतात, त्यांना वाटते वर्ग छान चालला आहे. मास्तरचा घसा मात्र रोज थोडा बसत जातो, आणि ज्या दिवशी तो पुरता बसतो त्या दिवशी वर्गात गोंधळ उडतो. रक्तातील साखर म्हणजे वर्गातली शांतता. ती कित्येक वर्षे ठीकच दिसते. स्वादुपिंडाचा घसा बसला म्हणजे साखर वाढते, आणि त्या दिवशी आपण म्हणतो, ‘आज मधुमेह झाला.’ तो आज झालेला नसतो. दादांच्या वहीत तो १९९१ च्या आसपास सुरू झालेला दिसतो, असे आता आम्हांस वाटते.

मग साखर वाढण्यापूर्वी हा चढलेला आवाज ओळखावा कसा? येथे गणिताच्या मास्तरास थोडा वाव आहे. सन १९८५ मध्ये ऑक्सफर्ड येथील संशोधकांनी एक सोपे सूत्र दिले. उपाशीपोटीची साखर आणि उपाशीपोटीचे इन्शुलिन यांचा गुणाकार करून त्यास ४०५ ने भागावे. साखर ८१ व इन्शुलिन ५ असेल तर गुणाकार ४०५, भागाकार १. हे निरोगी तरुणाचे माप. साखर ९० आणि इन्शुलिन ९ असेल तर उत्तर २. साखर १०८ आणि इन्शुलिन १५ असेल तर १६२० भागिले ४०५, म्हणजे ४. पहा, या तिसऱ्या माणसाची साखर अजून मधुमेहाच्या रेषेच्या, म्हणजे १२६ च्या, पुष्कळ खाली आहे. पण त्याच्या मास्तरास चौपट ओरडावे लागत आहे. या अंकास ‘होमा’ असे नाव आहे.

इतके ऐकून कोणी उद्याच प्रयोगशाळेकडे धावू नये. इन्शुलिन मोजण्याची तपासणी महाग असते, दोन प्रयोगशाळांचे आकडे एकमेकांशी जुळतीलच असे नाही, आणि अमुक अंकाच्या वर गेला की रोगी, अशी जगन्मान्य रेषा कोणी आखलेली नाही. जाहिरातीतल्या तपासणीच्या ‘पॅकेज’मध्ये ही तपासणी घालून पैसे उकळण्याचा प्रकार आम्ही पाहिला आहे. म्हणून जाणते लोक साध्या खुणांवर भागवितात. उपाशीपोटी तपासलेल्या रक्तातील ट्रायग्लिसराइड ही चरबी वाढलेली आणि ‘एचडीएल’ हे चांगले कोलेस्टेरॉल घटलेले, अशी जोडी दिसली की आवाज चढला आहे असे बहुधा समजावे. ट्रायग्लिसराइड आणि साखर यांच्या गुणाकारावरून काढावयाचा एक निर्देशांक सन २००८ मध्ये मेक्सिकोतील संशोधकांनी सुचविला. त्यास इन्शुलिन मोजावेच लागत नाही. दुसरी एक खूण तर आपल्या धंद्यातल्या माणसास रोज दिसते. कॉलरचे माप घेताना गिऱ्हाइकाच्या मानेवर काळपट, मखमलीसारखा जाड पट्टा आणि बारीक लोंबते मस आपण पुष्कळदा पाहिले असतील. तो मळ नव्हे. कितीही घासला तरी तो जात नाही, आणि ज्या मुलीच्या मानेवर तो असतो तिला घरची माणसे ‘नीट आंघोळ कर’ म्हणून उगाच बोलतात. चढलेल्या इन्शुलिनची ती कातडीवर उमटलेली निशाणी असते.

आणि तिसरी खूण म्हणजे टेप. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या, म्हणजे सुमारे साडेपस्तीस इंचांच्या, आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या, म्हणजे साडेएकतीस इंचांच्या आत असावी, असे आपल्या देशातील तज्ज्ञांनी सन २००९ मध्ये ठरविले. येथे मात्र शिंप्याने एक गफलत करू नये. विजारीची कंबर आणि डॉक्टरांची कंबर एक नव्हे. पोट सुटू लागले की माणूस विजार पोटाखाली बांधतो, आणि ‘आमची कंबर गेली दहा वर्षे चौतीसच’ असे अभिमानाने सांगतो. विजार खाली घसरलेली असते, कंबर तिथे नसतेच. डॉक्टरी माप घेताना सर्वांत खालची बरगडी आणि खुब्याच्या हाडाचा वरचा काठ यांच्या बरोबर मध्ये टेप आडवा धरावा, तो आवळू नये, श्वास सहज सोडून झाल्यावर आकडा वाचावा. पोट आत ओढून दिलेले माप कोटासाठी चालेल, यासाठी चालणार नाही. दादांचे २०१२ चे ३७ हे विजारीचे माप होते. खरे माप त्याहून मोठेच असणार.

आपण काटक माणसे, आपल्यात लठ्ठ किती, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर पुण्यातून आलेले आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघा स्नेह्यांचे एक जोडछायाचित्र सन २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. दोघांचेही उंचीशी वजनाचे प्रमाण अगदी सारखे, २२.३. पण अंगातील चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! बाहेरून सडपातळ, आतून चरबीदार. आणि ही चरबी बसते ती पोटात. ही ठेवण जन्मापासूनच असते, हे याज्ञिकांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गर्भवती स्त्रियांच्या १९९३ पासून चाललेल्या अभ्यासात दाखविले. तेथील नवजात बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडातील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. वजनात एवढी तफावत, पण ती मांसात आणि पोटातील अवयवांत; कातडीखालची चरबी मात्र आपल्या बाळांनी जवळजवळ राखलेली होती, आणि नाळेच्या रक्तातील इन्शुलिन चढलेले होते. मूत्रपिंडाचाही येथे संबंध येतो. मूत्रपिंडातील गाळण्या जन्मापूर्वीच तयार होतात, पुढे नवी एकही होत नाही. कमी वजनाचे मूल कमी गाळण्या घेऊन जन्मास येते आणि पुढे त्यास रक्तदाब व मूत्रपिंडाचा विकार होण्याचा संभव वाढतो, असा विचार अमेरिकेतील ब्रेनर यांनी सन १९८८ मध्ये मांडला. हॉलंडात १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे उपासमार झाली. त्या काळी आईच्या उदरात असलेली मुले पन्नाशीस आली तेव्हा त्यांच्यात साखर पचविण्याची शक्ती उणी आणि लघवीत अल्ब्युमिन जाण्याचे प्रमाण अधिक आढळले. आपल्याकडील १९७२ चा दुष्काळ या सभेतील ज्येष्ठांस आठवत असेल. मिलो खाऊन, खडी फोडून ज्या आयांनी दिवस काढले, त्यांच्या पोटी जन्मलेली मुले आज पन्नाशी ओलांडून या मंडपात बसलेली आहेत. त्यांनी आमचे बोलणे थोडे अधिक मन लावून ऐकावे.

आता मूत्रपिंडाकडे वळू. एकेका मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात, आणि दिवसाकाठी त्यांतून सुमारे १८० लिटर पाणी गाळले जाते; त्यातील दीडएक लिटर लघवी होऊन बाहेर पडते, उरलेले शरीर परत घेते. निसर्गाने हे कापड बेतताना भरपूर माया ठेवलेली आहे. शिवणीत ठेवलेली माया म्हणजे काय हे येथे कोणास सांगावे लागणार नाही. मूल वाढले की शिवण उसवून कपडा सैल करता येतो, पाहणाऱ्यास कळतही नाही. मूत्रपिंडाच्या कित्येक गाळण्या बंद पडल्या तरी उरलेल्या अधिक काम करून वेळ निभावून नेतात. म्हणूनच रक्तातील क्रिएटिनीन, ज्यावर आपला सगळा भरवसा असतो, ते जवळजवळ निम्मे काम बंद पडेपर्यंत कागदावर ठीकच दिसू शकते. त्यातून क्रिएटिनीन हे स्नायूंतून येते. ज्याचे दंड दादांसारखे बारीक, त्याचे क्रिएटिनीन मुळातच कमी. त्याचा कागद जास्तच फसवा. आणि दुखणे? मूत्रपिंडाचा हा जुनाट विकार दुखत नाही. मुतखडा दुखतो, म्हणून त्याची सर्वांना भीती. हा दुखत नाही, म्हणून याची कोणास पर्वा नाही.

चढलेले इन्शुलिन या गाळण्यांचे काय करते? एक तर ते मूत्रपिंडास मीठ धरून ठेवावयास लावते, त्याने रक्तदाब चढतो. पोटातील चरबी आणि वाढलेली साखर मिळून गाळण्यांतील दाब वाढवितात. सुरुवातीस त्या अधिकच जोराने गाळतात आणि तपासणीत आकडा उत्तम दिसतो. दुसरे असे की, गाळणीची जाळी ज्या पेशींनी विणलेली असते त्या पेशींनाही इन्शुलिनची आज्ञा ऐकावी लागते. ब्रिस्टल येथील संशोधकांनी सन २०१० मध्ये उंदरांतील या पेशी इन्शुलिनला बहिऱ्या करून पाहिल्या. त्या उंदरांची साखर वाढलेली नसतानाही त्यांच्या लघवीत अल्ब्युमिन उतरू लागले आणि जाळ्या बिघडल्या. आमच्या मते यातली मोलाची गोष्ट ही की, मधुमेह ‘होण्यापूर्वी’ही मूत्रपिंडाला इजा पोहोचू शकते. अमेरिकेतील हजारो लोकांच्या पाहणीवरून सन २००४ मध्ये हेच दिसून आले होते. कंबर, रक्तदाब, साखर, ट्रायग्लिसराइड आणि एचडीएल या पाचांपैकी जितक्या गोष्टी बिघडलेल्या, तितके मूत्रपिंडाच्या विकाराचे प्रमाण चढते.

यावरून असे वाटेल की, विकार जडल्यावरही होमाचा अंक पाहत राहिले म्हणजे मूत्रपिंड किती वेगाने खालावेल ते कळेल. येथे मात्र गाडी अडते, आणि येथेच दादांच्या पेढ्यांचा उलगडा आहे. इन्शुलिन आणि मूत्रपिंड यांचे नाते दुहेरी आहे. मूत्रपिंड बिघडले की त्यामुळेच शरीर इन्शुलिनला दाद देईनासे होते, हे सन १९८१ मध्ये डीफ्रोंझो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले. त्याच वेळी दुसरी गोष्ट घडते. रक्तातील इन्शुलिनचा मोठा वाटा एरवी मूत्रपिंडच मोडून टाकीत असते. ते थकले म्हणजे इन्शुलिन रक्तात रेंगाळते, मधुमेहाच्या कित्येक गोळ्यांचा अंशही रेंगाळतो, शिवाय उपवास पडल्यास मूत्रपिंड जी थोडी साखर स्वतः तयार करून देते तीही बंद होते. मग साखर उतरते. गोळी तीच, जेवण तेच, आणि साखर ब्याण्णव! पहाटेचा घाम आणि हाताचा कंप हे अशक्तपणाचे नव्हे, साखर फार खाली गेल्याचे लक्षण होते. मधुमेह गेला नव्हता, मूत्रपिंड चालले होते. आणि आम्ही पेढा खाल्ला.

म्हणून उशिरा मोजलेला हा अंक भरवशाचा राहत नाही. मधुमेह नसलेल्या, पण मूत्रपिंडाचा विकार आधीच जडलेल्या लोकांचा एक मोठा अमेरिकन अभ्यास सन २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात होमाच्या अंकावरून मूत्रपिंडाची पुढची घसरण ओळखता आली नाही, हृदयविकाराचा धोका मात्र दिसला. चढलेला आवाज ऐकावयाचा तो शाळा भरलेली असताना. छप्पर कोसळल्यावर कान लावून काय ऐकावयाचे?

विकार जडला आहे की नाही, आणि तो पुढे कसा सरकतो आहे, यासाठी दोनच तपासण्या मागून घ्याव्यात. एक, क्रिएटिनीनवरून वय व लिंग धरून काढलेला गाळण्याचा वेग. तो नव्वदच्या वर असावा. तीन महिन्यांहून अधिक काळ साठच्या खाली राहिला तर विकार समजावा, आणि पंधराच्या खाली गेला तर मूत्रपिंडे निकामी होण्याच्या टप्प्यास आली असे जाणावे. दुसरी, आणि आमच्या मते पहिल्याहून महत्त्वाची, लघवीतील अल्ब्युमिन व क्रिएटिनीन यांचे प्रमाण. ते तीसच्या खाली असावे. तीस ते तीनशे ही धोक्याची सूचना. तीनशेच्या वर गेले तर जाळी बरीच फाटली. गाळण्याचा वेग ढळण्याच्या कितीतरी आधी ही तपासणी बोलते. तिला सुईसुद्धा लागत नाही. दादांच्या चार वर्षांच्या कागदांत साखरेच्या तपासण्या बावीस आहेत, आणि लघवीच्या या तपासणीचा कागद एकही नाही. कोणी ती सांगितली नाही, हे खरे. आम्हीही कधी विचारली नाही, हेही तितकेच खरे. आम्ही घरात शिकलेले होतो.

वेळीच कळले तर उपाय आहेत. रक्तदाब उतरविणाऱ्या गोळ्यांपैकी लोसार्टनसारख्या काही गोळ्या गाळण्यांतील दाबही उतरवितात, हे सन २००१ पासून सिद्ध आहे; ती गोळी दादांच्या वेळीही होती आणि स्वस्त होती. डॅपाग्लिफ्लोझिन या गोळीने मूत्रपिंडाची घसरण मंदावते, मधुमेह नसलेल्यांचीही, हे सन २०२० मध्ये सिद्ध झाले. त्याच वर्षी आपल्या देशात तिचे एकस्व संपून ती अनेक कंपन्यांची मिळू लागली. दादा त्याच्या आदल्या वर्षीच गेले. या गोळ्या डॉक्टरांनीच द्यावयाच्या व रक्तातील पोटॅशियम पाहून द्यावयाच्या. आम्ही नाव घेतले म्हणून कोणी दुकानातून आणू नये. दुकानातून आणण्यावरून आठवले. पाठ आणि मान दुखते म्हणून आपल्या धंद्यातील माणसे वेदनाशामक गोळ्या शेंगदाण्यांसारख्या खातात. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन या जातीच्या गोळ्या थकलेल्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणखी आवळतात. दादांच्या यंत्राच्या खणात बॉबिनच्या शेजारी त्या गोळ्यांची पाकिटे नेहमी असत.

हळदीविषयी आम्हांस हमखास विचारतात, कारण वसमतची हळद ही आपली शान आहे. भाजीतली हळद खुशाल खावी. परंतु औषध म्हणून रोज चमचे-चमचे पूड पोटात घालणे मूत्रपिंडाच्या रोग्यास बरे नव्हे. तिच्यातील ऑक्झलेट मूत्रपिंडात साचून ते बिघडल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. अनोळखी भस्मे आणि पुड्या यांविषयी बोलण्यास आमच्यापाशी सौम्य शब्द नाहीत, म्हणून बोलत नाही.

कंबर उतरते का? उतरते, पण टेपाने उतरत नाही. दर तासाने यंत्रावरून उठून दुकानाबाहेर पाच मिनिटे चालावे, चहातील साखर आधी निम्मी आणि मग बंद करावी, फरसाण-पापड-लोणच्याचे मीठ आवरावे, संध्याकाळी कयाधूच्या पुलापर्यंत जाऊन यावे. स्नायू हलले की ते इन्शुलिनची आज्ञा पुन्हा ऐकू लागतात. पायी चालण्याचा गुण त्याच दिवशी दिसतो, वजन उतरण्याची वाट पाहावी लागत नाही. पूर्वी यंत्र पायाने चालत असे, आता मोटर बसली. मोटर काढा असे आम्ही म्हणणार नाही. पण पायांना दुसरे काही काम द्यावे लागेल.

डायलिसिसविषयी थोडक्यात सांगतो. दादा पावणेदोन वर्षे आठवड्यातून दोनदा एस.टी.ने नांदेडला जात. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचाराचे पैसे पडले नाहीत, त्याबद्दल आम्ही शासनाचे ऋणी आहोत. पण तिकीट, सोबतीचा एक माणूस, त्याची बुडालेली मजुरी आणि पहाटे चारला उठून डबा करणारी वहिनी यांचा हिशेब कोणत्या योजनेत नसतो. दिवसाचे पाणी मोजून प्यावे लागे. दादांनी काचेच्या बाटलीस ठरावीक अंतरावर लाल दोरा बांधून मापे केली होती. सकाळ इथपर्यंत, दुपार इथपर्यंत. मे महिन्यात ते बाटली हातात घेऊन बसत आणि दोऱ्याकडे पाहत. एकदा आम्हांस म्हणाले, “गुरुजी, जन्मभर लोकांची मापे घेतली, शेवटी घोटाचं माप घ्यायची पाळी आली.” दुकान सन २०१८ च्या दिवाळीत बंद झाले, त्या पाडव्यास नवी वही घातली गेली नाही.

दादांचा टेप आम्ही आज बरोबर आणला आहे. त्याचे पहिले दोन इंच झिजून पुसट झाले आहेत, म्हणून तिसऱ्या इंचापासून धरून दोन वजा करावे लागतात. भोजनापूर्वी मंडपाच्या डाव्या अंगास पुरुषांची मापे आम्ही स्वतः घेऊ. भगिनींची मापे आमची सून उजवीकडच्या खोलीत घेईल. ज्यांची कंबर रेषेच्या पलीकडे भरेल, किंवा ज्यांच्या घरी कोणास मधुमेह अथवा रक्तदाब आहे, त्यांना लघवीच्या त्या तपासणीचे नाव मराठीत लिहिलेली चिठ्ठी देण्यात येईल. ती डॉक्टरांस दाखवावी. मापे वहीत लिहिली जातील. वही नवी आहे, आणि पहिल्या ओळीवर आम्ही आमचे माप लिहून ठेवले आहे : सदतीस आणि अर्धा.